ऋतुजाचा झेंडू आणि माझा खराटा

माझ्या मुलीची चार वर्षांची मेहनत मी दहा मिनिटांत झाडून काढली. वर खराटा परत करताना वॉचमनला म्हणाले, "दादा, हा बदला आता. काड्या गळतात याच्या."

आता सुरुवातीपासून सांगते. आम्ही मखमलाबादचे. दोन एकर भाजीपाला, एक एकर झेंडू. हे (म्हणजे ऋतुजाचे पप्पा) पहाटे क्रेट भरून फुलबाजारात जातात, मी मळ्यातली तोडणी बघते. सगळ्यांना वाटलं होतं पोरगी शेतीची डिग्री घेईल. पण बारावी झाल्यावर तिने सरळ सांगितलं, "मी विद्यापीठात कला शिकणार."

आम्ही समजलो, चित्रं काढेल. गणपती, मोर, फार तर सप्तशृंगीचा गड. पहिल्या वर्षी तिने काढलीही. मग हळूहळू चित्रं बंद झाली आणि घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या! जुनी चाळणी गेली. सासऱ्यांची तुटकी छत्री गेली. विचारलं की एकच उत्तर, "आई, ते मटेरियल आहे." (माझ्या लग्नातला स्टोव्हसुद्धा मटेरियल झाला. त्याला म्हणे चांगले मार्क पडले. माझ्या हाताखाली असताना तो कधी पेटलाही नव्हता धड!)

यंदा तिचं शेवटचं वर्ष. त्यांच्या शेवटच्या परीक्षेला पेपर नसतो, प्रदर्शन असतं. बाहेरून परीक्षक येतात, मांडलेलं बघतात, प्रश्न विचारतात आणि पास-नापास ठरवतात. गुढीपाडवा झाल्यापासून ही रोज सकाळी एक फुगलेली पिशवी घेऊन विद्यापीठात जायची.

"पिशवीत काय?"

"मटेरियल."

"प्रदर्शनात काय मांडणार?"

"सरप्राइज आहे. आणि आई, परीक्षक साडेबाराला येणार आहेत. तू आणि काकू निवांत दोन वाजता या."

आम्ही साडेदहाला पोहोचलो. (दोन वाजता पाहुणे जातात. घरचे आधी जातात!) आम्ही म्हणजे मी आणि माझी जाऊ सुनंदा. स्कूटी ती चालवते, मी मागे बसून देवाचं नाव घेते. पोरीचा एवढा मोठा कार्यक्रम, रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सुनंदाच्या पायाशी ताज्या झेंडूचं क्रेट ठेवलं होतं. सकाळीच तोडलेला, दव सुकलेला, एकेक फूल लिंबाएवढं.

वॉचमनने क्रेट पाहिलं. "डेकोरेशनवाल्या का?"

"हो," सुनंदा म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

"जा मग. पोरं सगळी वर मीटिंगला गेलीत. हॉल उघडाच आहे."

हॉल पांढराशुभ्र. मधोमध एक खुर्ची छताला उलटी टांगलेली. भिंतीवर फाटकी गोधडी. पुढे एका टीव्हीवर एक मुलगा नुसता भिंतीकडे बघत बसलेला.

सुनंदा थांबली. "ताई, हा काही करणार आहे का?"

"करेल. आत्ताच चालू झालं असेल."

आम्ही चांगली पाच मिनिटं उभ्या राहिलो. त्याने एकदा नाक खाजवलं. मग आम्ही पुढे निघालो.

कोपऱ्यात ऋतुजाच्या नावाची पाटी दिसली. मी कौतुकाने खाली पाहिलं. जमिनीवर झेंडूच्या लांबच लांब ओळी होत्या. आणि सगळा झेंडू मेलेला! पुढच्या ओळीतली फुलं माना टाकलेली, मधली चहाच्या चोथ्यासारखी, मागची तर काळी ठिक्कर.

"अगं बाई," सुनंदा म्हणाली. "पोरीने आधीच मांडून ठेवली वाटतं. उकाड्याने पार वाट लावली."

"आणि पाटीवर नाव कुणाचं? आपलं!"

मला सांगा, मी काय करायला हवं होतं? पंचवीस वर्षं आम्ही या मालावर जगतोय. फुलबाजारात आमच्या क्रेटमधलं वरचं फूल आणि तळचं फूल सारखं निघतं, अशी आमची ख्याती. आणि इथे विद्यापीठात, शहाण्यासुरत्या लोकांसमोर, आमच्या आडनावाखाली सडका झेंडू!

"पोरीचं नशीब, की आपण लवकर आलो," मी म्हणाले आणि पदर खोचला.

वॉचमनकडून खराटा घेतला. क्रेटखाली अंथरलेली खताची रिकामी गोणी होतीच. सगळा चोथा तिच्यात लोटला, सुनंदाने सुतळीने तोंड आवळलं. एवढ्यात गेटवर घंटागाडीचा भोंगा वाजला. (देवसुद्धा कधीकधी फार वक्तशीर असतो!) मी पळत जाऊन गोणी गाडीवर दिली.

मग आम्ही जी सजावट केली म्हणता! ताज्या झेंडूचं मोठं वर्तुळ, मध्ये स्वस्तिक, बाजूला दोन मोर. मोरांचे डोळे सुनंदाने आपल्या पर्समधल्या टिकल्यांनी केले. आणि पुढे पाकळ्यांनी, वळणदार अक्षरात, "सुस्वागतम्".

"आता कशी शोभा आली!" मी म्हणाले.

सव्वाअकराला जिन्यावर पावलं वाजली. ऋतुजा हातात छापलेला कागद घेऊन उतरली. आम्हाला पाहून हसली. मग खाली पाहिलं. मोर पाहिले. सुस्वागतम् वाचलं.

"आई, माझं काम कुठंय?"

"हे काय! तुझं सगळं वाळून गेलं होतं गं. मी म्हटलं—"

"वाळलेलं कुठंय?"

"घंटागाडीत."

पोरगी भिंतीला टेकून खाली बसली आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. वर नाव होतं, "परत आलेला". खाली लिहिलं होतं, की पाडव्यापासून रोज बाजारातून न विकता परत आलेली फुलं या ओळींत आहेत. एक दिवस, एक ओळ.

"पप्पा पहाटे क्रेट भरून नेतात," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि भाव पडला की दुपारी परत आणतात. मग काय करतात त्याचं?"

"बांधावर ओततात."

"कोणी बघतं का ते?"

मी बघते. रोज बघते. पण ते कुणाला दाखवायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. जे दाखवायला ती चार वर्षं शिकली, तेच मी लाजून झाडून टाकलं होतं. पण रडायला वेळ कुठे होता? घड्याळात अकरा वीस!

"सुनंदा, गाडी काढ!"

त्यानंतरची पस्तीस मिनिटं मी देवाचं नाव घेतलं नाही, कारण डोळे मिटून चालणार नव्हतं. कान देऊन भोंग्याचा आवाज धरला आणि गंगापूर रोडला लागलो. दुसऱ्या वळणावर गाडी दिसली. सुनंदाने स्कूटी थेट तिच्यापुढे आडवी घातली.

"आमची गोणी द्या!"

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "मावशी, तक्रार असंल तर ऑफिसात करा. तुमच्या गल्लीत आम्ही रोज येतो."

"तक्रार नाही! विद्यापीठाच्या गेटवर दिलेली गोणी!"

"विद्यापीठ आमच्याकडे नाय. ती दुसरी गाडी."

"मग भोंगा तोच कसा?"

"सगळ्यांचा तोच हाय, मावशी!"

हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. एव्हाना आम्ही दोन किलोमीटर चुकीच्या कचऱ्यामागे आलो होतो! मागे फिरलो. एका दूधवाल्याने सांगितलं डावीकडे, एका आजोबांनी सांगितलं उजवीकडे, आणि एका बाईने धावत येऊन आमच्याच हातात कचऱ्याची बादली दिली. (भोंग्यामागे आम्ही, म्हणजे कचरावाल्या आम्हीच असणार!)

शेवटी एका लिंबाखाली गाडी उभी दिसली. दोन कामगार चहा पीत होते.

"दादा, विद्यापीठातून एक गोणी घेतली होती का?"

"घेतली. काय पडलं त्यात? मंगळसूत्र?"

"परीक्षा!"

सुनंदाने हात जोडून सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, गाडीवर चढला आणि ओल्या कचऱ्यात कमरेपर्यंत वाकला. एक कलिंगडाची साल आली. एक फुटकी कुंडी आली. कुणाचा तरी कालचा मसालेभात आला. आणि मग गोणी! सुनंदाची बाजारी गाठ जशीच्या तशी. मी त्या कामगाराच्या पाया पडायची तेवढी बाकी होते.

त्याने गाठ सोडून आत पाहिलं आणि चेहरा पाडला. "मावशी, पण ही तर वाळून गेलीत सगळी."

"वाळलेलीच हवीत रे बाळा!"

आम्ही निघालो तेव्हा तो सुनंदाला हळूच म्हणाला, "ताई, मावशींना सांभाळून न्या."

बाराला पाच कमी असताना आम्ही हॉलमध्ये. ऋतुजाने मोर आणि सुस्वागतम् भरून क्रेटमध्ये टाकलं होतं. गोणी जमिनीवर ओतली, आणि पोरीचा चेहरा पुन्हा उतरला. सगळं एकमेकांत मिसळलेलं.

"आई, आता कुठल्या दिवसाचं फूल कुठलं, ते कसं कळणार?"

मी एक फूल उचललं. नाकाला लावलं. "हे परवाचं. देठ अजून हिरवा आहे." दुसरं उचललं. "हे आठ दिवसांचं, पाकळीचा रंग उडालाय. आणि हे काळं पडलंय ना, ते जुनं नाही. व्यापाऱ्याने पाणी मारलं होतं, ते आतून सडतं. आंबूस वास बघ. हे सोमवारचं. त्या दिवशीच्या मालावर पाणी मारलं म्हणून तुझे पप्पा भांडून आले होते."

ऋतुजा माझ्याकडे बघायला लागली. "तुला खरंच कळतं?"

"मला दुसरं काय कळतं?"

मग आम्ही तिघी जमिनीवर बसलो. मी फूल बघायचं, दिवस सांगायचा, सुनंदाने पुढे सरकवायचं, ऋतुजाने ओळीत ठेवायचं. बारा वाजले. सव्वाबारा. नऊ ओळी झाल्या. साडेबाराला दारात एक सुती साडीतल्या बाई उभ्या राहिल्या. गळ्यात दोरीला चष्मा, हातात फाइल. ऋतुजा ताडकन उठली. मी ओळखलं, याच परीक्षक.

"मॅडम, माझं काम अजून…"

"काय झालं?"

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं. पण माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"मॅडम, मी झाडलं! मला सडकं वाटलं. झाडून घंटागाडीत दिलं, मग शोधून आणलं. पोरीचा काही दोष नाही. मार्क कापायचे तर माझे कापा."

"तुम्ही परीक्षेला बसलेल्या नाही."

"बसलेच आहे की मॅडम. केव्हाची!"

बाईंनी मला जमिनीवर फतकल मारून बसलेलं नीट पाहिलं. ओठ हलल्यासारखे वाटले, पण हसू बाहेर आलं नाही. त्यांनी ऋतुजाच्या हातातला कागद वाचला. परत वाचला. मग घड्याळ पाहिलं.

"मी आधी बाकीच्यांचं बघते. पाऊण तासाने येईन. पण मांडणार फक्त ही. तुम्ही सांगायचं, हात लावायचा नाही."

त्या पाऊण तासात मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि नुसत्या तोंडाने झेंडू ओळखला! शेवटची ओळ लागली आणि बाई आल्या. आम्हा दोघींना बाहेर काढलं. दाराच्या फटीतून काही ऐकू येईना. सुनंदाने चार देवांना नवस बोलले, मी पाचव्याला.

तेवढ्यात हे आले, बाजारातून थेट, शर्टाला पाकळ्या चिकटलेल्या. त्यांना मी काही सांगितलंच नाही. पंधरा मिनिटांनी दार उघडलं. बाई जाताना ऋतुजाच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. मागोमाग तिचे सर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडमना काम फार आवडलं. काळजी करू नका."

मी जो श्वास सोडला, त्याने छताची ती उलटी खुर्ची हलली असणार.

हे आत जाऊन ओळींसमोर उभे राहिले. बोटाने एकेक ओळ मोजली. मग म्हणाले, "एवढा परत आला होता?"

"हो, पप्पा."

"हम्म." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "वास येतोय जरा," म्हणाले, आणि परत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं झालं. मी नवी साडी नेसून, अर्धं मखमलाबाद सोबत घेऊन गेले. हॉलच्या दारावर ऋतुजाच्या अक्षरात एक मोठा कागद चिकटवलेला होता: "पालकांनी कृपया कशालाही हात लावू नये."

शेजारणीने वाचलं आणि विचारलं, "कोणाच्या पालकांनी लावला होता गं?"

"असतात काही अडाणी," मी म्हणाले. कागद एका बाजूने जरा वाकडा लागला होता. लोक येणार, बरं दिसत नाही, म्हणून मी त्याची चिकटपट्टी काढून तो सरळ लावायला घेतला, तोच आतून वॉचमन आणि ऋतुजा एकदम ओरडले, "हात!"