पिंपातला वास

तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा सांगलीकडचे खंडेराव बोईसरला आले आणि त्यांनी कामगारांसाठी खानावळ काढली. वर्षभरात गिऱ्हाईक आटू लागलं. का, ते त्यांना कळेना. पालघरला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात त्यांनी विचारून पाहिलं, पण हारतुऱ्यांत आणि स्वतःच्या कौतुकात कुणी ऐकूनच घेतलं नाही. एकाने हातात पेढा कोंबला. "सगळं झकास चाललंय म्हणायचं," तो म्हणाला. त्या गोडबोलेपणाची खंडेरावांना किळस आली.

मग त्यांनी बोईसरातच खानावळ चालवणाऱ्या तिघांना, आपलं काय चुकतंय ते स्पष्ट सांगायला, मंगळवारी दुपारी आपल्याकडे बोलावलं. त्यांतल्या रत्नाबाईंनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"राग मानू नका. तुमच्या पाण्याला वास येतोय. पिंप शेवटचं कधी घासलं?"

खंडेरावांनी आत हात घातला. बोटांना हिरवा, बुळबुळीत थर लागला. तळाशी झुरळं कुजली होती. हेच पाणी ते स्वतःही रोज पीत होते.

चौघांनी मिळून पिंप घासलं आणि दर मंगळवारी एकेकाच्या खानावळीत जमून तिथल्या चुका दाखवायचं ठरवलं. पुढच्या मंगळवारी बैठक रत्नाबाईंकडे भरली. त्यांनी तळणाच्या काळ्याकुट्ट तेलाचा डबा आपणहून पुढे सरकवला.

"आता माझं बघा," त्या म्हणाल्या.