भोंगाकाकांची मोजणी

भोंगाकाका कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी माणसं मोजायचे. दारातच थांबून उजवा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवायचे, "एक" म्हणायचे, आणि मग बोट फिरवत "दोन, तीन, चार" करत थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचे. साखरपुडा असो, सत्यनारायण असो, त्यांची मोजणी चुकली नाही. काकूंना हळदीकुंकवाला सोडायला आले तरी उंबऱ्याबाहेरून बायका मोजून परत जायचे. नव्या यजमानाला वाटायचं, हा माणूस ताटं कमी पडतील की काय ते बघतोय. आणि सुरुवात स्वतःपासून करतो म्हणजे जरा आपमतलबीच दिसतो.

ते मूळचे भुसावळचे. सगळी नोकरी रेल्वेच्या अपघात मदत गाडीवर झाली आणि शेवटची बदली जयपूरला झाली, म्हणून निवृत्त झाल्यावर ते तिथल्याच दुर्गापुऱ्यात राहिले. कुठे गाडी रुळावरून घसरली की यार्डात भोंगा वाजतो आणि मदत गाडीच्या माणसांनी हातातला घास टाकून धावत सुटायचं असतं. त्या भोंग्याच्या गोष्टी ते इतक्या रंगवून सांगायचे, मधेमधे तोंडानं भोंगा वाजवून दाखवायचे, की कॉलनीतल्या पोरांनी त्यांचं नावच भोंगाकाका ठेवलं. पुढे काकूसुद्धा फोनवर "भोंगाकाका घरात नाहीत" असं बिनदिक्कत सांगायला लागल्या.

मी सांगलीची. नदीचं पाणी घरात शिरतं म्हणजे काय होतं ते लहानपणी बघितलेलं, म्हणून आपत्ती व्यवस्थापन शिकले आणि जयपूरच्याच मालवीय नगरमधल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. आमच्याकडे काम आलं होतं शहराच्या टोकाला असलेल्या सांगानेरच्या एका गल्लीचं. नाल्याच्या काठाला कापडावर ठप्प्यांनी छपाई करणाऱ्यांची घरं. मोठा पाऊस झाला की नाला गल्लीत शिरायचा. पाणी शिरायच्या आत सगळी माणसं चढावरच्या शाळेत पोहोचतील अशी योजना आम्हाला पावसाळ्याआधी करून द्यायची होती. मी संगणकावर नकाशा काढला, जवळचा रस्ता लाल रंगानं दाखवला आणि पोहोचायला वेळ किती लागेल तेही लिहून टाकलं. आमचे सर म्हणाले, "छान आहे. पण ज्यानं खरोखर माणसं बाहेर काढली आहेत असा कोणीतरी हा कागद बघू दे." अशा रीतीनं काका सल्लागार म्हणून आले.

पहिल्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी आम्हाला मोजलं. आम्ही सात, ते धरून आठ. मग विचारलं, "दुसरा दरवाजा कुठं आहे?" मागच्या जिन्याचं दार होतं, पण ते उघडेना. पलीकडे खोक्यांची थप्पी लागली होती. काकांनी खांदा लावून दार ढकललं, वरचं खोकं खाली आलं आणि फुटलं. आत आमचेच छापील अहवाल होते, विषय: आपत्तीच्या वेळी सुरक्षित बाहेर पडण्याचे मार्ग. काकांनी एक प्रत उचलली, चष्मा लावून मुखपृष्ठ वाचलं आणि म्हणाले, "चांगलं जाडजूड लिहिलंय. पण आग लागली तर पहिलं हेच पेटल." सर स्वतः बाह्या सरसावून खोकी हलवायला लागले.

माझा नकाशा त्यांनी बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "चल, तुझ्या खोलीवर जाऊ." माझी खोली दोन गल्ल्या सोडून होती. काकांनी जिन्याखाली उभं राहून घड्याळ हातात धरलं आणि वर ओरडून सांगितलं, "भोंगा झाला! घर सोडून खाली ये." मी दोन मिनिटांत येते म्हणाले होते. गॅस बंद केला, फोन घेतला, चार्जर विसरला म्हणून परत गेले, प्रमाणपत्रांची फाइल सापडेना, ती सापडल्यावर कुलूप लावलं, अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन ते ओढून बघितलं. खाली आले तेव्हा काका पायरीवर बसून शेंगदाणे खात होते.

"अकरा मिनिटं," ते म्हणाले. "आणि तू तर एकटी. घरात म्हातारं नाही, तान्हं नाही, बकरी नाही. कुलूप काबरं ओढून बघितलं?"

"सवय आहे काका."

"मग ती सवय नकाशात टाक ना बापा. लोकं सवयीसकट पळतात."

त्या दिवसापासून ते मला "संशोधक बाई" म्हणायला लागले. मला राग यायचा, आणि तो त्यांना दिसावा अशीच माझी इच्छा असायची. त्यांच्यावर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. उलट रविवारी काकूंकडून निरोप यायचा की शेवभाजी केली आहे, संशोधक बाईला राग आला असला तरी चालेल, भूक घेऊन यावं. जयपूरची शेव रश्शात विरघळते अशी काकूंची कायमची तक्रार होती आणि तरीही मी तीन वाट्या खायची.

अशाच एका रविवारी मी विचारलं की मोजणी स्वतःपासून का सुरू करता. काका हसले आणि काकूंकडे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "सांगा की आता. सगळ्या भुसावळला माहीत आहे."

एका लहान स्टेशनाजवळ मालगाडी घसरली होती. दोन दिवस राबून डबे रुळावर आणले. निघायच्या वेळी काकांनी मदत गाडीतली माणसं मोजली, कागदावर "सर्व हजर" लिहून सही केली आणि कागद साहेबांच्या हातात दिला. तेवढ्यात त्यांना आठवलं की एक जॅक खाली राहिला. ते उतरले, पलीकडच्या बाजूला गेले आणि गाडी सुटली. "सगळे होते," काका म्हणाले. "मीच नव्हतो. आणि मी नाही हे कोणाला कळणार? मोजणारा मीच." भर उन्हात जॅक खांद्यावर घेऊन ते स्टेशनापर्यंत चालत आले. तिथल्या मास्तरांनी खालीवर बघून विचारलं की तुम्ही कोण. काकांनी नाव सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले की त्या नावाचा माणूस तर गाडीत आहे, तसा निरोप आलाय. "माझ्याच सहीनं मी गाडीत होतो, पोरी! तेव्हापासून आधी छातीवर हात. मोजणारा सुटला तर त्याला शोधायला कोणी येत नाही."

मेअखेरीस सांगानेरच्या गल्लीत आमची पहिली तालीम झाली. सरकारी कार्यालयातून एक अधिकारी बघायला आले होते. मी कर्ण्यावरून हिंदीत सूचना दिली, पाणी येतंय असं समजा आणि शाळेकडे चला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. चार-दोन पोरं आणि एक बकरी एवढेच बाहेर आले. अधिकारी घड्याळाकडे बघत होते. शेवटी काका सरळ पहिल्या घरात शिरले आणि मी त्यांच्या मागून.

आत भंवरी काकीसा स्टुलावर चढल्या होत्या. त्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या छपाईवाल्या. सून खालून लाकडी ठप्पे देत होती आणि त्या एकेक करून माळ्यावर रचत होत्या. वेल, बुट्टे, कोयरी, सासऱ्यांच्या हातचे, त्यांच्याही आधीचे. मी जवळजवळ ओरडलेच, "काकीसा, पहले आप निकलिए ना!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "पानी तो उतर जाएगा, बेटा. ये भीगकर फूल गए तो फिर छापेंगे काहे से?"

घरोघरी तेच चाललं होतं. अधिकाऱ्यांनी आपल्या वहीत "जनजागृतीचा अभाव" अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. खरं सांगायचं तर मीही तेच लिहिणार होते.

परतीच्या बसमध्ये काकांनी माझी योजना मांडीवर उघडून चाळली. मग म्हणाले, "संशोधक बाई, तुझ्या योजनेत माणसं आहेत, औषधं आहेत, बकऱ्यासुद्धा आहेत. ठप्पे कुठं आहेत?"

"काका, ते सामान आहे. आधी जीव की आधी सामान?"

"मतलब तू तुझी फाइल सोडून खाली आली होतीस का त्या दिवशी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ते पुढे म्हणाले, "लोक ऐकत नाहीत असं लिहायचं असेल तर लिही. फक्त खाली माझं नाव टाकू नको. लोकं ऐकतात. आपण विचारलं नाही."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोजपट्टी आणि वही घेऊन एकटीच सांगानेरला गेले, तर काका आधीच काकीसांच्या ओट्यावर चहा पीत बसलेले. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. आम्ही घरोघर विचारत गेलो: ठप्पे किती, पेट्या किती, माळा केवढा, वर चढणार कोण, आजोबांना उचलणार कोण. त्यातून दोन टोल्यांची योजना निघाली. नाल्याचं पाणी पुलाखालच्या पायऱ्यांपैकी वरून तिसऱ्या पायरीला लागलं की पहिला टोला, ठप्पे माळ्यावर. चढून वरून दुसऱ्या पायरीला लागलं की दुसरा टोला, आणि तेव्हा मात्र कुलूपसुद्धा ओढून बघायचं नाही. भंगारवाल्याकडून काकांनी रुळाचा एक तुकडा आणला आणि गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाला टांगला. जुन्या स्टेशनांवर असाच तुकडा वाजवायचे. त्याचा आवाज गल्लीच्या शेवटपर्यंत जायचा, माझ्या कर्ण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

टोला कोणी द्यायचा आणि शाळेत माणसं कोणी मोजायची, यावर मी अर्थातच काकांचं नाव लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि काकीसांचं लिहिलं. "मी दुर्गापुऱ्यात राहतो. पाऊस काय मला विचारून पडल? माझ्यावाचून चालली पाहिजे, तर ती योजना." मग त्यांनी काकीसांना मोजायला शिकवलं. त्या हात छातीवर ठेवायला लाजायच्या, पदरानं तोंड झाकून हसायच्या. काका त्यांना दहा-दहा वेळा तेच करायला लावायचे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये भर दुपारी आभाळ फुटलं. योगायोगानं आम्ही दोघंही गल्लीतच होतो. पहिला टोला झाला, घराघरांतून स्टुलं सरकल्याचे आवाज आले. दुसरा टोला झाला आणि माणसं बाहेर पडली, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, पोरांचे हात धरून. काका सगळ्यांच्या मागून चालत होते. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि गल्लीत कोणीही नव्हतं. काकीसांनी मोजलं. आकडा यादीशी जुळला; यादीच्या शेवटी आम्हा दोघांचीही नावं मी चढवली होती. काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि तो पुसून झाल्यावरही पुसतच राहिले. पाणी उतरल्यावर काकीसांनी माळ्यावरचा एक ठप्पा काढून त्यांच्या रुमालावर कोयरी छापून दिली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका आजारी पडले. रुग्णालयात दाखल केलं त्या दिवशी त्यांनी वॉर्डातल्या खाटा मोजल्या आणि नर्सला विचारलं, "सिस्टरजी, दूसरा दरवाज़ा किधर है?" ती बिचारी काकूंना म्हणाली की बाबूजींचा पळून जायचा विचार दिसतोय. आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याभरानं ते गेले. कोयरीचा रुमाल काकूंनी मला दिला. मला त्यांचा फार राग येतो, अजूनही, की एवढ्या लवकर का गेले.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही गल्लीत पुन्हा तालीम घेतली. यादी नव्यानं केली होती. एक सून नवी आली होती, दोन बाळं जन्मली होती, आणि काकांचं नाव मी माझ्या हातानं वगळलं होतं. टोले वेळेवर झाले. शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमल्यावर काकीसा पुढे झाल्या. खाली कडुनिंबाला टांगलेल्या रुळाकडे बघून त्या हलकेच म्हणाल्या, "एक, बाबूजी." मग बोट फिरवत त्या पुढे मोजत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "एक सौ इकतालीस!" माझ्या यादीतही एकशे एकेचाळीसच होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि माझ्या लक्षात आलं. यादीत काका नाहीत. मोजणीत आहेत. तरी आकडा जुळतो म्हणजे एक खरं माणूस कमी आहे. मी कठड्यावरून गल्लीकडे बघितलं, गल्ली रिकामी. पुन्हा यादी बघितली, एकेक तोंड शोधायला लागले, आणि पहिल्याच नावावर बोट थांबलं. ते नाव माझ्यासमोर उभं होतं.

"काकीसा, आपने खुद को गिना?"

त्यांनी बोट आधी रुळाकडे केलं, मग स्वतःकडे. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "हाय राम, मैं तो रह ही गई!"

सगळी शाळा हसली. भर उन्हात जॅक खांद्यावर घेऊन चालणारे काका मला दिसले, आणि हसता हसता मी रडले. मी काकीसांचा हात धरला आणि त्यांच्याच छातीवर ठेवला. त्यांना पहिल्या जागेवरून काकांना हटवणं जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. मलाही आलं होतं. तरी त्यांनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि या वेळी न लाजता, मोठ्यानं म्हणाल्या, "एक."

मग दोन, मग तीन. एकशे एकेचाळीसच झाले. काका त्यात नव्हते, आणि माणूस एकही कमी नव्हतं.