एकसष्टावं नाव

"मॅडम, तुमचा पट साठच दाखवतोय."

फोनवर आमचे केंद्रप्रमुख होते. दहा-बारा शाळांच्या कारभारावर लक्ष ठेवणारे साहेब. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मी हजेरीपत्रक पुढं ओढलं.

"एकसष्ट आहेत सर. आज सगळी हजर आहेत. खिचडीसुद्धा एकसष्ट जणांची शिजली."

"खिचडी पोर्टलला दिसत नसते मॅडम. आधार व्हॅलिड साठ आहेत. उद्या पाचला लिंक बंद होणार. काय करायचं ते बघा."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. म्हणून आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. पहिली ते पाचवी. गाव युसूफ वडगावच्या बाजूचं, नाव सांगत बसत नाही. कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ज्या कागदावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. साठच्या वर एक जरी गेलं तर तिसरा. आणि मूल म्हणजे वर्गात बसलेलं मूल नव्हे. ज्याचं शाळेतलं नाव आणि आधार कार्डावरचं नाव जुळतं, ते मूल. जुळलं नाही की पोर्टलवर लाल अक्षरात 'मिसमॅच' येतं. मग ते पोरगं समोर बसून घसा फोडून पाढे म्हणत असलं तरी सरकारदरबारी नाहीच. शिक्षक पटावर, वर्षाचं अनुदान पटावर, सगळंच पटावर.

आमच्या तिसऱ्या शिक्षिका तांबोळी मॅडम. अंबाजोगाईहून रोज एसटीनं ये-जा करायच्या. पट साठ झाला की सगळ्यांत कमी नोकरी झालेला माणूस 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त म्हणजे जास्तीचा. मग जिल्ह्यात जिथं जागा रिकामी असेल तिथं पाठवतात. तांबोळी मॅडमची नोकरी सगळ्यांत कमी होती.

त्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला नीट माहीत होतं. आमची अर्धी पोरं ऊसतोड मजुरांची. दसरा-दिवाळीला आई-बापाबरोबर कारखान्यावर जायची, उन्हाळ्यात परत यायची, आणि येईपर्यंत मुळाक्षरं विसरलेली असायची. तांबोळी मॅडमनी एक रीत पाडली. जाणाऱ्या प्रत्येक पोराबरोबर एक वही द्यायची आणि दर रविवारी बापाच्या मोबाइलवर फोन करून 'पोराला द्या' म्हणायचं आणि त्याच्याकडून एक पान मोठ्यानं वाचून घ्यायचं. आधी तिसरीत परिच्छेद वाचणारी पोरं बोटावर मोजायची वेळ होती. मागच्या वाचन चाचणीला न वाचणारी बोटावर मोजली. ही बाई गेली असती तर मी आणि आमचे दुसरे सर उरलो असतो. त्यातली मी दिवसभर पोर्टल, मीटिंग आणि खिचडीत अडकलेली. म्हणजे पाच वर्गांना एक माणूस.

मी मॅडमना बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "नाव कुणाचं आहे?"

"मुकुंदचं. दुसरीतला. अंकुशचा मुलगा. मागच्या वर्षी पट जास्त होता म्हणून हे मिसमॅच नडलं नाही."

त्यांनी कपाटातून फाइल काढली. आधारची झेरॉक्स बघितली आणि म्हणाल्या, "छापणाऱ्यानं चुकवलंय मॅडम. हे बघा, मुकुंदच्या जागी मुकादम लिहिलंय."

छापणाऱ्यानं काही चुकवलं नव्हतं.

दाखल करायच्या दिवशी अंकुश पोराला घेऊन आला होता. मी रजिस्टर उघडून विचारलं, नाव काय? तो म्हणाला, मुकादम. मला हसू आलं. मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा माणूस. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तो देतो, कारखान्यावर तो नेतो, पहाटे शिट्टी मारून उठवतो. आमच्या भागात या माणसाचं नाव घेतलं की मजुराच्या घरात आवाज खाली येतो. आणि हा मजूर त्याच नावानं पोराला हाक मारणार. मला वाटलं, पोरगं जन्मभर लोकांच्या हसण्याचा विषय होईल. झेरॉक्स न बघताच फाइलला लावली, पेन उचललं आणि लिहिलं, मुकुंद. त्याला विचारलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, मी त्याच्या पोराचं भलंच करतेय.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी फाइल परत कपाटात ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी ठरवलं, अंकुशला समजावून आधारच बदलून घ्यायचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना फोन केला. गावातले मोठे शेतकरी, राजकारणात वजन असलेले. सगळं गाव त्यांना बप्पा म्हणतं.

"तेवढंच व्हय?" बप्पा म्हणाले. "मी म्हटलं शाळा पडली का काय. बसा गाडीत. मी बोललो की झालं."

अंकुश दारात बैलगाडीच्या चाकाला ग्रीस लावत होता. दसरा जवळ आला होता, जायची तयारी चालली होती. बप्पा गाडीतून न उतरताच बोलले, "अंकुश, पोराचं आधार बदलायचं. मुकुंद करायचं. उद्या सकाळी माझ्यासंगं चल."

"कावून?"

मी खाली उतरले. पट, पोर्टल, तांबोळी मॅडम, सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुकुंद कोन हाय?"

"तुमचाच मुलगा. शाळेत त्याचं नाव मुकुंद आहे."

त्यानं फडक्याला हात पुसले आणि बायकोला हाक मारली. "ऐकलंस का? शाळंत आपल्या पोराला मुकुंद म्हनतेत."

"मला म्हाईत हाय," ती आतूनच म्हणाली. "पोरानं सांगितलतं."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय करनार व्हते? बाईंनी लिव्हलेलं."

अंकुश माझ्याकडं वळला. "बाई, म्या काय नाव सांगितलतं तुमाला?"

"मुकादम."

"मंग?"

"लोक हसले असते हो त्याला."

"लोकं न्हाई हसत. त्या दिशी तुमीच हसलत्या. माझ्या ध्यानात हाय."

नोकरीत मी पुष्कळ बोलणी खाल्ली. सभापतींची खाल्ली, साहेबांची खाल्ली. पण एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"अबे, नाव काय घेऊन बसलास," बप्पा म्हणाले. "एका मास्तरणीच्या जागंचा सवाल हाय."

"बप्पा, माझा बाप कोयता हानता हानता गेला. मुकादमानं हाक मारली की पळायचा. मी बी पळतो. म्या ठरिवलं, पोराचं नाव हेच ठिवायचं. आता घरात मी हाक मारतो, मुकादम, पानी आन. आन मुकादम पानी आनतो." तो थोडा हसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तांबोळी बाई ऱ्हायल्या पायजेत. आमचं पोरगं फोनवर धडा वाचतं तवा कारखान्यावर सगळा तळ ऐकत बसतो. पर नाव बदलायचं न्हाई. तुमी बिघडवलंय, तुमीच नीट करा."

परत येताना बप्पा चिडलेले होते. म्हणाले, "त्याच्या मुकादमाला फोन लावतो. तो सांगंल तसं ऐकतो का न्हाई बघा."

ऐकलं असतं त्यानं. मला ते पक्कं ठाऊक होतं. एका फोनवर माझं काम झालं असतं, मॅडमची जागा वाचली असती, आणि माझी चूक कुणाला दिसली नसती. खोटं का सांगू, घटकाभर मला मोह झाला. मग म्हणाले, "बप्पा, तेवढं करू नका. आता मला त्याच्या दारात पुन्हा जायचंय."

मग उरला एकच रस्ता. रजिस्टर दुरुस्त करायचं. पोर्टलवर नाव बदलणं माझ्या लॉगिनवरून दोन मिनिटांचं काम आहे. पण मूळ नोंद असते दाखलखारीज रजिस्टरमध्ये. त्यात शाळेत आलेल्या नि गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते, आणि तिथं नाव खोडायचं तर तालुक्याच्या साहेबांची परवानगी लागते. त्याच संध्याकाळी अंकुशकडून अर्ज घेतला. जन्माचा दाखला कारखान्याच्या गावचा, त्यावरही मुकादमच. रात्री माझं पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, पालकांनी सांगितलेले नाव मला योग्य न वाटल्याने मी माझ्या मर्जीने दुसरे नाव नोंदवले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तालुक्याच्या साहेबांसमोर पत्र ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, हे काय लिहिलंय?"

"झालं ते लिहिलंय साहेब."

"असं लिहिलंत तर मला तुमचा खुलासा मागवावा लागेल. खुलासा जिल्ह्याला जाईल. तिथून मार्गदर्शन येईल. तोवर दिवाळी होईल. लिंक आज पाचला बंद होतेय."

"मग काय करू?"

"नजरचुकीने लिहा."

सरकारी नोकरीत हा शब्द ज्याला माहीत नाही त्याची नोकरी होत नाही. बदलीची यादी चुकते ती नजरचुकीने. बिल दोनदा जातं ते नजरचुकीने. एकदा हा शब्द लिहिला की चुकीला माणूसच उरत नाही, फक्त नजर उरते.

"साहेब, माझी नजर चुकली नव्हती. अक्कल चुकली होती."

साहेब हसले नाहीत. घड्याळाकडं बघून म्हणाले, "अक्कलचुकीनेचा नमुना नाही मॅडम आपल्याकडं. तुम्हाला शिक्षक पाहिजे का खरं पाहिजे, तेवढं ठरवा."

मी दुसरा कागद मागितला. नजरचुकीने लिहिलं. सही केली. शाळेत आम्ही पोरांना रोज परिपाठाला खरं बोलायला सांगतो, ते आठवलं. पण लिहिलं.

शाळेत परत यायला तीन वाजले. रजिस्टरमध्ये लाल शाईनं मुकुंद खोडलं, वर मुकादम लिहिलं, बाजूला परवानगीचा जावक क्रमांक टाकला. मग पोर्टल उघडलं. ते गोल गोल फिरत राहिलं. नेट गेलं. आमच्या सरांच्या मोबाइलचं नेट जोडलं. चार वाजून गेले तरी गोल फिरतंय. तांबोळी मॅडम दारात उभ्या, आत येईनात. पाचला वीस मिनिटं कमी असताना त्या ओळीत हिरवं 'व्हॅलिड' आलं आणि वर एकसष्ट झाले.

मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, "तिसरीत गोंधळ चाललाय, बघते." आणि वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुसरीची हजेरी मीच घेतली. मुकादम अंकुश, असं म्हटलं. कुणी ओ दिली नाही. पुन्हा म्हटलं. तो समोरच बसला होता, पाटी मांडीवर घेऊन.

"अरे, तुलाच हाक मारतेय. हजर म्हण."

तो उठून उभा राहिला. "मॅडम, मुकादम तर घरी असतो."

वर्गात कुणी हसलं नाही. शेजारचं पोरगं म्हणालं, "मॅडम, आमी त्याला भाईर मुकादमच म्हनतो." पहिलीपासून सगळ्या पोरांना माहीत होतं. फक्त शाळेला माहीत नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं, "आजपासून शाळेतपण तू मुकादमच. मी चुकून दुसरं लिहिलं होतं." बघा, पोरालाही मी 'चुकून'च सांगितलं. सवय लागते.

म्हणून संध्याकाळी अंकुशच्या दारात गेले. बप्पांना न घेता, चालत. त्याला सांगितलं की कागदावर मी नजरचुकीने लिहिलंय, पण ते खरं नाही. मी जाणूनबुजून लिहिलं होतं. माफ करा.

अंकुशनं बाजेवर बसायला सांगितलं. म्हणाला, "कागुद काय बी म्हनू द्या बाई. पोराला हाक नीट मारा."

मग मी सगळं रजिस्टर पहिल्यापासून चाळलं. माझ्या अक्षरात सुधारलेली अजून नऊ नावं निघाली. त्यांचं आधार निघालं तेव्हा आई-बापांनी मी लिहिलेलंच नाव तिथं दिलं होतं, म्हणून ती जुळत होती. नऊ घरांनी आपण ठेवलेलं नाव सोडून बाईंनी दिलेलं घेतलं, आणि मला पत्ताही नव्हता. मी घरोघर जाऊन विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, राहू द्या आता. एका आईनं मात्र जुनं नाव सांगितलं आणि सांगताना तिला रडू आलं. तिचा अर्ज मी त्याच दिवशी लिहून घेतला.

यातून शिकण्यासारखं एवढंच. नाव विचारायचं, लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि मग सही घ्यायची. मागच्या जूनमध्ये एक बाप पोराला दाखल करायला आला. मी विचारलं, नाव काय?

"चेअरमन," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. तांब्यातलं पाणी प्यायले. पेन परत उचललं आणि विचारलं, "चेअरमन का चेरमन?"