लंबूकाकांची सीट

कुणाच्याही घरात शिरताना लंबूकाका आधी दाराच्या चौकटीला वर हात लावायचे. नवख्याला वाटायचं, काय हा सज्जन माणूस, घराला नमस्कार करतो! तसं काही नव्हतं. कपाळ कुठे आपटणार, याचा तो अंदाज असायचा.

तरुणपणी ते बास्केटबॉल खेळायचे, थेट राज्याच्या संघातून. गुडघा गेला, खेळ सुटला आणि जळगावचा हा ताडमाड माणूस सिल्वासात सुताच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात येऊन बसला. टेबलाखाली त्यांचे पाय मावायचे नाहीत. टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत पलंगही अपुरा पडायचा, पावलं बाहेर लोंबायची. बसमध्ये तर बिचारे मान वाकडी करून उभे राहायचे.

कारखान्याच्या मालकांनी आपली जुनी विलायती गाडी विकायला काढली, तेव्हा काकांनी ती हट्टाने घेतली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. लांबलचक, पिस्ता रंगाची, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. एकच खोड होती. ब्रेक मारला की सीट पुढे सरकायची आणि त्यांचा दुखरा गुडघा आदळायचा. मग वापीच्या रस्त्यावरच्या गॅरेजात त्यांनी ती पार मागे नेऊन वेल्डिंगने पक्की करून टाकली. “आयुष्यभर सगळीकडे वाकलो रे बुटक्या,” ते मला म्हणायचे, “ह्या एका जागी मी अख्खाच्या अख्खा मावतो.” बुटक्या म्हणजे अर्थात मी. माझं खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे.

दर रविवारी काकूंना शेजारी बसवून किलवणीपर्यंत चक्कर. काकू रुमालाने काच पुसत बसायच्या आणि बोलत बसायच्या, “अहो, ती सीट पुढेमागे होईल अशी करून घ्या ना. उद्या दुसऱ्या कुणाला चालवावी लागली तर?”

“माझ्या गाडीला हात लावायची कुणाची बिशाद आहे?”

कॉलनीत कुणा बाईला कळा लागल्या की निरोप त्यांच्याकडेच जायचा. माझी बायकोही त्याच गाडीतून दवाखान्यात गेली. मी मागे घामाघूम, आणि हे पुढून ओरडताहेत, “पोरगं गाडीत झालं तर नाव माझं ठेवायचं, पण आधी उंची बघून!” मुलगी दवाखान्यातच झाली. तरी पेढा पहिला त्यांनी खाल्ला.

मग एका भर दुपारी काकू माझ्या दारात आल्या. पायात चपला नाहीत. “भाऊ, उठा ना, ह्यांच्या छातीत दुखतंय.” सगळी माणसं पाळीवर, मीच तेवढा रात्रपाळी करून घरी झोपलेलो. शेजारणींनी हात लावला, कसंबसं त्यांना मागच्या सीटवर निजवलं. पाय मावेनात, दुमडावे लागले. ज्या गाडीत हा माणूस कधी वाकला नव्हता, तिच्यात त्याची घडी घालताना मला रडू आलं.

पुढे बसलो, किल्ली फिरवली आणि माझा पाय क्लचला पोचेना! दारात एवढी गाडी, आणि चालवणार कसा? सीट हलायचं नाव घेईना. काकू पळत घरात गेल्या, उशा आणल्या, त्या पुरेनात म्हणून गोधड्या आणल्या, माझ्या पाठीमागे कोंबल्या. तेव्हा कुठे पाय टेकला. गाडी हिसका खाऊन निघाली. मागून क्षीण आवाज आला, “हळू सोड रे क्लच, बुटक्या. तिला त्रास होतो.”

त्यानंतर ते बोलले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “थोडं आधी आणायला हवं होतं.” काकूंनी ते ऐकलं. त्या उशा-गोधड्यांबद्दल पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

काही महिन्यांनी त्यांनी गाडी विकली. घेणारा वापीचा, माझ्याच उंचीचा. त्याने काकूंच्या अंगणातच वेल्डिंग तोडायला माणूस लावला. ठिणग्या उडाल्या, करकर वाजली आणि सीट पुढे आली. ज्याच्यासाठी काकूंनी इतकी वर्षं काकांचं डोकं खाल्लं होतं, ते अखेर झालं. पायरीवर उभ्या राहून त्या बघत होत्या.

“आता ह्यांना नाही बसता यायचं तिथे,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.