दिवा विझू दे

माझ्या साडूने मला फसवलं. हे मी लंडनच्या हॅरोतल्या सगळ्या मराठी माणसांना सांगून झालंय, आणि 'जाऊ द्या हो, घरातलीच माणसं' असं म्हणणाऱ्यांशी स्वतंत्र भांडणंही झाली आहेत. रस्त्यावरच्या बाजारात फळी टाकून भांडी विकत मी स्वतःचं दुकान उभं केलं. घाऊकवाले, भाडेवाले, वकील, सगळ्यांनी मला गुंडाळायचा प्रयत्न केला आणि तोंड पोळून घेतलं. जमलं ते फक्त या माणसाला, आणि तेही डिझेलवरून. वयाने मोठा म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. इथे करणार नाही.

एका जपानी कंपनीने एके काळी छोट्या प्रवासी गाड्यांसाठी डिझेल इंजिनं काढली होती. एकाच घडणीची, लहान-मोठ्या मापांची. जगाने ती वापरली आणि विसरून गेलं. माझ्या साडूला मात्र स्वतःच्या चुलत्यांची नावं सांगताना अडखळायला व्हायचं, पण या घराण्याची कुंडली तोंडपाठ. 'थोरला जरा तापट आहे, मधला कष्टाळू, आणि धाकट्याला सिलिंडर तीनच, पण शेठ, घर तोच चालवतो.' मला तो शेठ म्हणायचा, टोमणा म्हणून. स्वतः जन्मभर लंडनबाहेर बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरसमोर बसला. हाताला कधी तेल लागलं असेल तर भज्यांचं. पण कान असा, की एकदा शाळेच्या हॉलमधल्या गणपतीत आरती ऐन रंगात असताना बाहेर कुणीतरी 'मधला' सुरू केला, आणि हा तबक हातात घेऊन तसाच कार पार्कमध्ये चालत गेला. गाडीत एक गोरा प्लंबर बसला होता. समोर निरांजन घेऊन, डोळे मिटून, मान डोलावत उभा राहिलेला माणूस बघून त्याने घाबरून तबकात एक पाउंड टाकला. हा परत आला तेव्हा आरती संपली होती. 'पट्टा बदलायला झालाय बिचाऱ्याचा,' एवढंच बोलला.

त्याच्याकडे धाकट्याची गाडी होतीच, मलाही तसलीच घ्यायला यानेच लावलं. बेसिंगस्टोकच्या एका म्हाताऱ्या साहेबाची, तीन सिलिंडरची, हिरवी. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली: टायरला लाथ, दारावरच्या ओरखड्याकडे बघून उसासा, 'बायको नको म्हणतेय' वगैरे. साहेब खाली यायला लागला होता. तेवढ्यात या गृहस्थाने बॉनेट उघडून कान लावला आणि साहेबाला कळावं म्हणून इंग्रजीत ओरडला, 'ब्यूटिफुल! असं इंजिन पुन्हा मिळणार नाही!' साहेबाची पाठ ताठ झाली. परतीच्या वाटेवर मी त्याला बोलत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हा आपला खिडकीची काच खाली करून ऐकत बसलेला. मला नाही, इंजिनला.

डिझेलला ठिणगी नसते. आधी आतली जागा तापावी लागते, म्हणून चावी अर्धी फिरवली की समोर जिलबीच्या वेटोळ्यासारखा एक पिवळा दिवा लागतो. तो विझल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा साडूचा धर्म. मी पडलो घाईचा, चावी एकदम पिळायचो. तो माझं मनगट धरायचा: 'दिवा विझू दे आधी.' पुढे पुढे गाडी नसतानाही म्हणायला लागला. दुकानात मी कुणावर भडकलो की हा कोपऱ्यातून, 'शेठ, दिवा विझू दे.' माझी मेहुणी वैतागायची. 'अहो, घरात काय अभद्र बोलता? दिवा शांत होऊ दे म्हणावं!' पण सांगायला हवं, त्या वाक्याने माझी दोन-तीन गिऱ्हाइकं आणि एक भाऊ शाबूत राहिला.

मग हवेतला धूर कमी करायला लंडनने जुन्या डिझेल गाड्यांवर रोजचा आकार बसवला आणि तो शेवटी हॅरोपर्यंत आला. ओळखीच्या सगळ्यांनी पटापट गाड्या भंगारात दिल्या. आम्ही दोघं राहिलो. माझ्या ड्राइव्हवेवर, बॉनेटवर हात ठेवून, यानेच शब्द घेतला: 'दिल्या तर दोघांच्या एकदम. नाहीतर एकही नाही.' मी हात मिळवला. मी हात मिळवतो तेव्हा सौदा संपलेला असतो, हे त्याला माहीत होतं.

दर रविवारी सकाळी त्याची गाडी यायची. कोपऱ्यावरूनच धाकट्याची धडधड ऐकू यायची आणि मी चहा टाकायचो. एका रविवारी काहीच ऐकू आलं नाही आणि दाराची बेल वाजली. साडू उभा. मागे एक पांढरी, फ्रिजसारखी गाडी.

'ही कुणाची?'

'बॅटरीची आहे,' तो म्हणाला, मी वेगळंच काही विचारलं असावं तसा.

'आणि आपली?'

'दिली.' त्याने माझ्या मनगटाकडे हात नेला. 'शेठ, दिवा विझू दे, मग सांगतो—'

मी विझू दिला नाही. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोललो. तो ऐकून घेऊन गेला, आणि जातानाही त्या गाडीचा आवाज आला नाही. माणूस रागावून गेला की रडत गेला, तेही कळू नये, ही कसली गाडी?

कारण मला नंतर मेहुणीकडून कळलं. त्याच्या नातीला दम्याचा पंप लागला होता. आणि मग मला तिचा वाढदिवस आठवला. साडूने गाडी सुरू केली तेव्हा ती म्हणाली होती, 'आजोबा, तुझा गाडी पण कफ करतो. माझ्यासारखा.' आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तो हसला नव्हता.

माझी हिरवी अजून ड्राइव्हवेवर आहे. रस्त्यावर नेत नाही. रविवारी मी आत जाऊन बसतो, चावी अर्धी फिरवतो, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतो, आणि चावी परत मागे घेतो. शेजारीणबाई पडद्याआडून बघते. बघू दे.

साडूभाऊ, नातीसाठी गाडी दिलीत, त्याचा जाब मी मागत नाही. तेवढा हलकट मी नाही. पण मला एक शब्द सांगितला असतात, तर माझी गाडी मीच तुमच्या मागोमाग भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी केली असती. एकदम द्यायचं ठरलं होतं. तुम्ही एकट्याने जाऊन दिलीत, मला न विचारता, न सांगता. त्या दिवशी तुमच्या शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. का? याचं उत्तर मला हवं आहे, आणि ते मेहुणीकडून नको. रविवारी या, हिरवीत बसा, आणि माझ्या तोंडावर द्या. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.