कान लावून ऐकणारी कुंदाताई

कुंदाताई बिघडलेला कॉम्प्युटर उघडण्याआधी त्याला कान लावायची. डोळे मिटून, गाल पत्र्याला टेकवून. वेल्ह्याकडच्या वरच्या वाडीत तिचे वडील गाभण मेंढीच्या पोटाला असाच कान लावायचे, आत कोकरू जिवंत आहे का बघायला. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, मेलाय ह्यो." ती म्हणायची, "दिसत न्हाई म्हंजी न्हाईच, आसं कुटं आस्तंय? पंखा फिरतोय की आत."

नसरापूरला स्टँडजवळ तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, संपतचं, दुरुस्तीचं दुकान होतं. मी कामथडीहून रोज तिथे झाडलोट करायला आणि चहा ठेवायला जायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ताईला ते चालायचं. "सुमन बोलत न्हाई त्येच बरं. बडबडायला संपत हाय हितं." लगेच संपत म्हणायचा, "अक्का, तुझ्यापुढं आमाला टाईम कुटं मिळतोय बोलाय?" तिला अक्का म्हणणारा तो एकटाच.

एकदा वरव्याचा एक माणूस कॉम्प्युटर टेम्पोत घालून घेऊन आला. मशीन चालू, पडदा काळा. त्याने आतलं ग्राफिक कार्ड काढून मेव्हण्याला दिलं होतं आणि पडद्याची वायर मागच्या दुसऱ्या सॉकेटात खोचली होती. ताईने पंखा काढला, प्रोसेसरवरचा लेप कापसाने पुसला आणि भिंग धरून मलाही त्यावरचा नंबर दाखवला. नंबराच्या शेवटी आलेलं इंग्रजी अक्षर भिंतीतल्या खुंट्यांसारखं होतं, उभी रेघ आणि दोन आडव्या. "ही खुंटी दिसली की समजायचं, ह्याला सोताला चित्र काडता येत न्हाई. त्याला कार्ड पायजेच."

"मग सॉकेट कशाला ठिवलंय?" माणूस चिडला.

"दार हाय म्हनून मानूस यील व्हय बाहीर? आत कुनीतरी आसाय नगं?"

संपतच्या स्वतःच्या मशीनमध्येही तसलाच खुंटीवाला प्रोसेसर होता.

संपतला दुकान सोडून पुण्यात नोकरी धरायची होती. त्यावरून एके सकाळी दोघांचं वाजलं. ताई म्हणाली, "जा. पुना तोंड दावू नगंस मला." आणि बाहेर निघून गेली. संपत आपल्या मशीनसमोर बसून बराच वेळ काहीतरी लिहीत होता. अचानक जळका वास आला आणि पडदा काळा झाला. दचकून त्याच्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला. कार्ड जळलं होतं. त्याने कीबोर्डवरचं हिरवा दिवा लागायचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला, विझला. मशीन आतून चालू होतं.

"सुमनताई, बंद करू नगा ह्ये," तो म्हणाला. "अक्काला सांगायचं हाय त्ये ह्यात हाय, सेव केल्यालं न्हाई. पुण्यातनं कार्ड घिऊन आलो की बघतो." 

परत येतानाच हायवेवर अपघातात तो गेला. पोलिसांनी बॅग दिली. तिच्यात नव्या कार्डाचं खोकं होतं, सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

त्याचा निरोप मी ताईला सांगितला. मग सुरू झाले तिचे हाल. कार्ड हातात होतं, पण ते बसवायला मशीन बंद करावं लागणार, आणि बंद केलं तर संपतने लिहिलेलं जाणार. न बघता सेव करावं, तर एखादं बटण चुकीचं पडायची भीती. शेकड्याने मशीनं दुरुस्त केलेली बाई, पण बोट उचलेना. रोज सकाळी येऊन ती त्या पत्र्याला कान लावायची. मग हिरवा दिवा लावून, विझवून बघायची. "हाय," एवढंच म्हणायची.

गुरुवारी दिवसभर लाईट जाते. पहिले दोन गुरुवार तिने टेम्पोवाल्याची बॅटरी आणून काढले. तिसऱ्या गुरुवारी दुपारीच ती बॅटरी उतरली आणि यूपीएस ओरडू लागला. ताईने माझा दंड धरला. दुसऱ्या हाताने, डोळे मिटून, सेव करायची दोन बटणं एकदम दाबली, थांबली, मग एंटर. यूपीएस थांबला. पंखाही थांबला. इतकी शांतता मी त्या दुकानात कधी ऐकली नव्हती.

लाईट आल्यावर तिने कार्ड बसवलं. पडदा उजळला. फाईल होती. वर एक शब्द, "अक्का,". त्याच्याखाली पानंच्या पानं नुसती अक्षरं, कशाला काही अर्थ नाही.

पडदा काळा, म्हणजे बटणं दाबली तरी काही उमटत नाही असं समजून मी रोज ती ओल्या कापडाने पुसत होते.

ताई कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कीबोर्डशेजारी रंगवायचा नवा ब्रश ठेवलेला होता. "कापड नगं घिऊस सुमे. दोरं आडकत्यात." चार वर्षं मी ब्रशनेच धूळ काढली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

यंदा थंडीत ती काविळीने भोरच्या दवाखान्यात होती. मी भेटायला गेले. तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "सुमे, त्या दिसांत तू बटनं पुसायचीस न्हवं? कापड कुटनं कुटं फिरवायचीस गं?"

ती काय विचारतेय ते मला कळलं. मी डावीकडून सुरू करायचे आणि उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात थांबायचे. चहाचा डाग तिथे पडला होता. पहिल्याच दिवशी मी तो दाबून दाबून घासला होता. लिहिलेलं खोडायचं बटण त्याच कोपऱ्यात असतं, हे मला फार नंतर समजलं.

"नुसतं वरनं झटकायची, ताई."

"खोडायच्या बटनाला न्हाई ना लागलं?"

"न्हाई."

"मग तेवडंच लिवलं आसंल त्येनं."

"व्हय, तेवडंच."

"हाक मारली मला. लई झालं." तिने गाल उशीला टेकवून डोळे मिटले, पत्र्याला टेकवायची तसे. दोन दिवसांनी ती गेली.

इतकं ठाम मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. दुकान आवरताना तो कीबोर्ड मी मागून घेतला. फळीवर ठेवलाय. उजव्या कोपऱ्यातलं ते बटण बाकीच्यांपेक्षा स्वच्छ आहे. डागाचा मागमूस नाही.