उलटी न ठेवलेली टिप

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. सूक्ष्मदर्शकाची टिप कशावर आदळली, की ती डबीत उलटी ठेवायची आणि वहीत सही करायची. रीत मीच घालून दिली होती. यंत्र माझ्या ताब्यात होतं.

टिप म्हणजे डोळ्यांना न दिसणारं सुईचं टोक. ते पृष्ठभागाला टेकवायचं, मग ओढायचं आणि सुटताना किती जोर लागला ते मोजायचं. टोक बोथट झालं की जास्त जागेवर टेकतं, जास्त चिकटतं.

यवतमाळहून आलेली एक विद्यार्थिनी कमीत कमी चिकटणारा लेप तयार करत होती. एका दुपारी ती पाणी प्यायला गेली. मला कोथरूडला घरी लवकर पोचायचं होतं, म्हणून टिप घाईने खाली आणली. टिप आदळली, पडद्यावरची रेघ एकदम उडाली. मी टिप वर घेतली, पण काढली नाही. वहीतही काही लिहिलं नाही.

त्या दिवसापासून तिचे आकडे जवळपास दुप्पट येऊ लागले.

"हवा दमट आहे म्हणून असेल का, सर?"

"असेल."

तिने कोरड्या हवेत मोजून पाहिलं. फरक नाही.

"टिप ठीक आहे ना?"

"नवीच आहे की," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि धडधडीत खोटंही.

तिने लेप तीनदा नव्याने केला. तिच्या मार्गदर्शकांनी आलेख पाहून सगळ्यांसमोर विचारलं, "आपण लेप केलाय की डिंक?" काहीजण हसले. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, हा लेप सोडतेय. दुपारी मार्गदर्शक सरांना सांगते. दीड वर्ष गेलं, जाऊ दे."

मी म्हणालो, "थांब. टिप आदळली होती. माझ्याकडून."

"कधी?"

मी तारीख सांगितली. तिने स्वतःची वही उघडली, त्या तारखेपासून पुढची पानं बोटाने मोजली.

"मले वाटलं, माझाच हात खराब हाये," ती म्हणाली. एरवी ती माझ्याशी असं बोलत नसे.

मग तिने यंत्राची वही माझ्यापुढे सरकवली. मी सगळं लिहिलं, सही केली. चिमट्याने टिप काढून तिनेच डबीत उलटी ठेवली. नवी टिप बसवायला मी हात पुढे केला.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "मी बसवते. खालीही मीच आणते."

मी यंत्रापुढच्या खुर्चीतून उठलो.